हात लावा

आई-बाबांना इथे येऊन चार महिने झाले. गोल्डन गेट झाला, लिव्हरमोरचं देऊळ झालं, नापाला जाऊन वाईन न पिता परत येणं झालं, आणि कॉस्टको तर दर रविवारी होतंच. (बाबांच्या मते अमेरिकेतलं सगळ्यात प्रेक्षणीय स्थळ तेच.) भारतातून आलेल्या आई-बाबांना पाचव्या महिन्यात काय दाखवायचं, हा बे एरियातल्या समस्त मराठी पोरांपुढचा यक्षप्रश्न आहे.

गेल्या शनिवारी तो ओवीने सोडवला. ओवी म्हणजे ताईची मुलगी, वय वर्षं सात. तिच्या वर्गातली निम्मी मुलं सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमला जाऊन आली होती, त्यामुळे तिने आमरण उपोषण सोडून बाकी सगळे मार्ग वापरून झाले होते. शेवटी ताई, ओवी, आई, बाबा आणि मी असे निघालो. भावजी ऑन-कॉल होते, ते घरी लॅपटॉपसमोर.

एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञानाचं म्युझियम आहे, पण आपल्या डोक्यात म्युझियम म्हटलं की काचेची पेटी आणि खाली पाटी येते, तसं नाही. इथे सहाशेच्या वर खेळ मांडलेत आणि सगळ्यांना हात लावायचा. फिरवा, ढकला, ओढा, फुंका. २०१३ पासून ते पिअर १५ वर आहे, म्हणजे खाडीच्या पाण्यावरच्या जुन्या धक्क्यावर. फ्रीमाँटहून आम्ही बार्टने गेलो. गाडी खाडीखालच्या बोगद्यात शिरली तेव्हा मी उत्साहाने "आता आपल्या डोक्यावर समुद्र आहे" असं सांगितलं. आईने डोळे मिटले ते एम्बार्कडेरो स्टेशन येईपर्यंत उघडले नाहीत.

आता बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा आमच्या तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये ३१ वर्षं विज्ञान शिकवत होते. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे एक खोली होती आणि त्या खोलीत एक कुलूपबंद लाकडी कपाट होतं. त्यात चंचुपात्रं, परीक्षानळ्या, एक स्प्रिंगकाटा, पुरीएवढा अंतर्गोल आरसा आणि काचेचा एकुलता एक लोलक. किल्ली बाबांच्या शर्टाच्या खिशात. कपाटातल्या प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. काही फुटलं की शेरा मारायचा, हेडमास्तरांची सही घ्यायची, आणि पैसे बहुतेक वेळा शिक्षकाच्याच खिशातून.

आठवीत असताना तो लोलक मी फोडला. रविवारी दुपारी बाबा झोपलेले असताना किल्ली काढली आणि दोन मित्रांना रंग दाखवायला घेऊन गेलो. रंग दिसलेही. खिडकीतून ऊन येत होतं, समोरच्या भिंतीवर चांगला वीतभर पट्टा पडला, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. मग "मला दे, मला दे" करताना लोलक फरशीवर पडला. सोमवारी बाबांनी मला भर वर्गात, चाळीस पोरांसमोर, थोबाडीत मारली. त्याआधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. आणि त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललोही नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग का निवडलं या प्रश्नाला मी इंटरव्ह्यूंमध्ये बरीच भारी उत्तरं दिली आहेत. खरं उत्तर कदाचित एवढंच की तिथे काही फुटत नाही. कंट्रोल-झेड असतो.

तर, शनिवार.

आत शिरल्या शिरल्या ओवी सुटलीच. ताई तिच्यामागे. बाबा मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखे, एकेका टेबलासमोर उभे राहत होते. पाटी वाचायची, मान हलवायची, पुढे जायचं. मी म्हटलं, "बाबा, हात लावा की." ते म्हणाले, "दिसतंय ना इथूनच."

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिथे एक पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, पण तो बसवलाय संडासाच्या भांड्यात! भांडं कोरं आहे, कधीही वापरलेलं नाही, पाणी स्वच्छ आहे, तसं शेजारी लिहिलेलंही आहे. तुमची बुद्धी आणि तुमची किळस यांत कोण जिंकतं ते बघायचं, एवढाच खेळ. ओवी घटाघटा पाणी प्यायली. मी दोनदा वाकलो, दोनदा उठलो. चार वर्षांची इंजिनिअरिंगची डिग्री काही कामाला आली नाही. आई म्हणाली, "आता हिला तीन दिवस माझ्या देवघरात यायचं नाही म्हणावं." असो.

मग आम्ही प्रकाशाच्या भागात आलो. अंधारात एक टेबल, मधोमध दिवा, त्यातून फटींमधून चहूबाजूंना निघालेले किरण, आणि टेबलावर सुटे पडलेले आरसे, भिंगं आणि लोलक. सात-आठ मुलं एकमेकांच्या किरणांमध्ये आरसे खुपसून भांडत होती. ओवीने लोलक उचलला, किरणात धरला आणि ओरडली, "आजोबा, रेनबो!" आजोबांना नीट दिसावा म्हणून तिने तो वर उचलला, आणि तो हातातून सटकून खाली पडला.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे हात पाठीमागून सुटले होते आणि त्यांनी ओवीचं मनगट घट्ट धरलं होतं. आवाज तोच, वर्गातला. "कळत नाही?" ओवीच्या चेहऱ्यावरचं सगळं मावळलं. मला गाल गरम झाल्यासारखं वाटलं. खरंच सांगतो, तिशीला आलेला माणूस मी!

लोलकाच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. नारिंगी जॅकेट घातलेला एक मुलगा आला. इथे हायस्कूलमधली मुलं एक्सप्लेनर म्हणून पगारावर काम करतात, त्यातलाच एक, असेल सतरा वर्षांचा. बाबांनी पाकीट बाहेर काढलं होतं. "सॉरी. हाऊ मच?" त्या मुलाला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो हसला. लोलक उचलून त्याने किरणात धरला, तुटलेल्या कोपऱ्यावर प्रकाश फुटून कसा विखुरतो ते ओवीला दाखवलं, आणि म्हणाला की रोज काही ना काही मोडतं, संध्याकाळी वर्कशॉपमध्ये नेऊन देऊ. आणि बोटाने वर्कशॉप दाखवलं.

इथलं वर्कशॉप मागच्या बाजूला लपवलेलं नाही. प्रेक्षकांना दिसेल असं, हॉलमध्येच आहे. लेथ, ड्रिल, करवती, लाकडाचा भुसा. इथले बहुतेक खेळ इथेच बनतात आणि इथेच दुरुस्त होतात. एक बाई कुठल्यातरी खेळाचं मोडलेलं हँडल काढून नवीन बसवत होती. बाबा कठड्याशी उभे राहिले ते वीस मिनिटं हलले नाहीत. म्हणाले, "मोडणार हे धरूनच चालतात रे हे लोक."

मी मग ज्ञान पाजळलं. हे म्युझियम १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं, अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ. तेही मॅनहॅटन प्रोजेक्टवर होते. १९४९ मध्ये पूर्वीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वावरून चौकशी झाली, मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली, आणि हा फिजिसिस्ट कोलोरॅडोत गुरं पाळायला लागला. पुढे तिथल्याच एका छोट्या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवलं. मग कोलोरॅडो विद्यापीठात मुलांनी स्वतःच्या गतीने करायचे प्रयोग कायमचे मांडून ठेवले, आणि त्या कल्पनेतून पुढे हे उभं राहिलं. म्युझियममध्ये कोणी नापास होत नाही, असं ते म्हणत.

बाबांनी सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. "म्हणजे शाळामास्तरच की."

त्यानंतर बाबांनी ओवीचा हात धरला, या वेळी साधा. तिथे एक प्रचंड अंतर्गोल आरसा आहे, माणसापेक्षा उंच. बाबा लांब उभे राहिले तेव्हा त्यात उलटे दिसत होते, डोकं खाली, पाय वर. ओवी खिदळली. बाबा एकेक पाऊल पुढे जात मराठीत शिकवायला लागले. "मी अजून वक्रता केंद्राच्या बाहेर आहे. म्हणून उलटा आणि लहान. आता बघ, मोठा होतोय." एका ठिकाणी त्यांनी हात पुढे केला, आणि आरशासमोरच्या हवेतून एक हात त्यांच्या हाताकडे आला. बोटाला बोट लागलं. म्हणजे लागलं नाही, कारण तिथे काहीच नव्हतं. बाबांनी चार-पाच वेळा ते करून बघितलं. मग अगदी आरशाजवळ गेले, नाभीच्या आत, तिथे ते सुलटे आणि अवाढव्य झाले.

"वास्तव प्रतिमा," ते मला म्हणाले, "हिला वास्तव म्हणतात हे मी ३१ वर्षं फळ्यावर लिहिलं. बघितली आज."

मला वाटलं गंमत करतायत. पुरीएवढा आरसा होता ना कपाटात?

परतीच्या बार्टमध्ये ओवी आईच्या मांडीवर झोपली आणि बाबा माझ्या शेजारी बसले होते. वेस्ट ओकलंड गेलं. मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तू तो लोलक फोडलास त्यानंतर मी कपाट उघडलं नाही मुलांसाठी. नवा आणला, नोंद केली, कुलूप लावलं. रिटायर होईपर्यंत बारा बॅचेस गेल्या. सगळ्यांना खडूने शिकवलं. मार्क पडले सगळ्यांना."

गेली पंधरा वर्षं मी त्यांच्याकडून वेगळ्याच वाक्याची वाट बघत होतो. एक थोबाडीत, चाळीस पोरं, त्याबद्दल काहीतरी. ते आलं नाही. त्यांच्या मनात ती चाळीस आणि पुढच्या बारा बॅचेस मिळून होणारी चार-पाचशे पोरं होती, ज्यांना लोलक म्हणजे पुस्तकातला त्रिकोण एवढंच माहीत आहे. मी काय बोलणार? म्हटलं, "रंग मात्र मस्त पडले होते बाबा त्या दिवशी. वीतभर."

"हो?" ते वळून म्हणाले. "कुठल्या भिंतीवर?"

मग फ्रीमाँट येईपर्यंत आम्ही त्याच विषयावर बोलत होतो. कुठली खिडकी, किती वाजले होते, जांभळा खाली होता की वर.

आमच्या कामात नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतात, प्रॉडक्शनला हात लावायचा नाही. पण त्याच दिवशी त्याला एक सँडबॉक्सही देतात, इथे काय मोडायचं ते मोड म्हणून. बाबांच्या शाळेत फक्त प्रॉडक्शन होतं. हे मला शनिवारपर्यंत सुचलं नव्हतं, आणि मी स्वतःला हुशार समजतो!

आई-बाबा पुढच्या महिन्यात परत जातायत. बाबांना जुन्या शाळेला एक लोलक भेट द्यायचा आहे. अट एकच, डेडस्टॉकला नोंद करायची नाही. शाळा ही अट मानेल का, कल्पना नाही. आई म्हणते बॅगेत जागा नाही, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या परत न्यायच्या आहेत.

मी दोन मागवलेत. एक फुटायला.