लॅमिंग्टन रोडवर आवाजाच्या शोधात

महाडहून निघालेली आमची एसटी मुंबई सेंट्रलच्या आगारात शिरली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. उतरल्याबरोबर अब्बांनी बोट दाखवलं. "ते मराठा मंदिर. 'मुगल-ए-आझम' मी इथंच पाहिला."

ही गोष्ट आम्ही भावंडांनी शंभरदा ऐकली आहे. १९६० साली तो सिनेमा याच थिएटरात लागला, तेव्हा अब्बा तेरा वर्षांचे. गोदीत कामाला असलेल्या माझ्या आजोबांनी हाताला धरून त्यांना आत नेलं. मधुबालापेक्षा त्यांच्या लक्षात राहिला तो पृथ्वीराज कपूर यांचा आवाज. उर्दूची गोडी तिथूनच लागली, असं ते आजही सांगतात.

आता तोच आवाज त्यांना ऐकू येईनासा झाला होता. सुरुवातीला "जरा मोठं कर" म्हणायचे. पुढं पुढं जेवण झालं की "तुम्ही बघा, मला झोप येते" म्हणून आतल्या खोलीत जाऊ लागले. एकदा पाणी न्यायला गेलो, तर अंधारात जागेच होते. त्या रात्री मलाच झोप लागली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ, ख़ ही अक्षरं निसटतात आणि शब्द कळत नाही. यंत्राचं नाव काढताच अब्बांनी मान फिरवली. नववीतल्या आदिलनं टीव्हीखाली हात घालून पाहिलं. पातळ टीव्हीचे स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेले! निदान तेवढं तरी सुधारता येईल, असं वाटलं. दहा हजारांची जमवाजमव केली आणि निघालो.

बेलासिस रोडचा चौक ओलांडला की लॅमिंग्टन रोड सुरू होतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण १९०३ ते १९०७ या काळातल्या त्या गव्हर्नरचं नाव लोकांच्या तोंडून काही जात नाही. इथं हातगाडीवर खोक्यांचे मनोरे, दुकानांच्या दारात वायरींची भेंडोळी, कॅमेरे, रिमोट आणि मध्येच सोल्डरिंगचा वास. 'शोले' पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा याच रस्त्यावरचं. ७० एमएमचा पडदा आणि चहूबाजूंनी येणारा आवाज मुंबईकरांनी तिथं अनुभवला. आता ते थिएटर नाही, आणि थिएटरचा आवाज घरी नेणाऱ्यांची गर्दी मात्र आहे.

पहिल्या दुकानात मुलगा ओरडला, "मॅडम, सर, बास देखो!" काच थरथरली. आदिल खूश, अब्बांचे दोन्ही हात कानांवर. खोक्यावर हजारोंच्या घरात वॅट छापलेले. तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या धडाक्याचा. सतत किती ताकद मिळते ते आरएमएस वॅट सांगतात, आणि तो आकडा मागितल्यावर दुकानदार छताकडे पाहू लागला. आम्ही निघालो.

दुसऱ्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी अब्बांना खुर्ची दिली. आमच्या पैशांत तीन वाटा होत्या. दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर असलेला टू पॉइंट वन संच, टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार, किंवा नुसते दोन लाकडी स्पीकर, ज्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो. मालकांनी एक गोष्ट शिकवली. जे मोठ्यानं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, म्हणून तिन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा.

आम्ही 'मुगल-ए-आझम'मधला अकबर आणि सलीमचा प्रसंग लावला. अब्बा भिंतीकडे तोंड करून एकेक संवाद बोलू लागले. तिन्ही स्पीकर पास!

आदिल हसला. "दादा, हे तर तुम्हाला पाठच आहे."

मग त्यानं फोनवरून उर्दू बातम्या लावल्या. आता खरी परीक्षा. सबवूफरच्या संचात निवेदकाचा आवाज घोगरा झाला, अब्बा निम्मे शब्द चुकले. साउंडबार बरा होता. एकाच एचडीएमआय तारेत काम, टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त. पण तानसेनासाठी बडे गुलाम अली खाँ गायले आहेत ते लावलं, तेव्हा तानपुरा कुठंतरी दबला. दोन लाकडी स्पीकरांवर तो मोकळा झाला. मालकांनी ट्रेबलचं बटण जरा वर नेलं आणि बातम्या पुन्हा लावल्या. अब्बांनी वाक्यामागून वाक्य म्हणून दाखवलं, दोनच शब्द अडखळले.

आदिलनं सबवूफरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "अब्बू, हेच घेऊ. तसंही खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे." पोर मोठं झालं, असं मनात आलं.

साडेनऊ हजारांत सौदा ठरला. वॉरंटी कार्डावर शिक्का घेतला. निघताना मालक म्हणाले, "ब्लूटूथवर सिनेमा बघू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तार लावा. आणि शोकेसमध्ये कोंबू नका."

घरी आल्यावर स्पीकर अब्बांच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवले. स्पीकर म्हणजे कानाचा इलाज नव्हे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांकडे पुन्हा जायचंच आहे. पण त्या रात्री जेवणानंतर अब्बा आतल्या खोलीकडे वळले नाहीत. आरामखुर्चीत बसले. सिनेमा सुरू झाला, दरबार भरला. आदिलनं सवयीनं आवाज वाढवला.

अब्बांनी हात वर केला. "अरे, थोडा कमी कर."

वर्षभरात हे वाक्य आमच्या घरानं ऐकलं नव्हतं.