पेपर नाही म्हणून वाचत नाहीत

एमबीबीएसचा एक न लिहिलेला नियम आहे. ज्या विषयाचा वेगळा पेपर नाही, तो विषय पोरं वाचत नाहीत. मानसोपचाराचा वेगळा पेपर नाही. मेडिसीनच्या पेपरात थोडेफार मार्क असतात, ते सोडूनही आरामात पास होता येतं. आमच्या वेळी पोस्टिंग दोन आठवड्यांची होती आणि सीनियर आधीच सांगून ठेवायचे, 'आराम कर, पीजीचे एमसीक्यू सोडव.' इंटर्नशिपमध्ये तर हा विषय ऐच्छिक होता. कॉलेजचं नाव घेत नाही, बऱ्याच ठिकाणी असंच चालायचं.

मग हीच पोरं बॉण्डवर प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात. तिथं 'मला डिप्रेशन आलंय' असं कुणीच म्हणत नाही. बाई म्हणते, 'डॉक्टर, सगळं अंग ठणकतंय, मुंग्या येतेत, जीव घाबरा होतो.' रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. मग बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन. हट्टच धरला तर सलाईन. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी बाई परत दारात. तोवर शेजारीण 'बाहेरचं दिसतंय' म्हणून देवऋषाकडे नेते. आणि खरं सांगू का, तो निदान अर्धा तास बसवून ऐकून तरी घेतो!

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठं सर्वेक्षण केलं. दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना मानसिक आजार, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना. आपलं राज्य त्या बारांत नव्हतं, पण माझी ओपीडी बघता इथं फार वेगळं निघालं असतं असं वाटत नाही. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणणार कुठून? सरकारी मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. म्हणजे पहिला डॉक्टर एमबीबीएसच असणार.

सगळ्यात जास्त खटकतं ते 'औषध पिलेल्या' पेशंटच्या वेळी. विषबाधा आमची पोरं फार छान सांभाळतात. अ‍ॅट्रोपिन किती, बाहुली बघा, नाडी बघा, सगळं तोंडपाठ, कारण ते परीक्षेत विचारतात. पेशंट वाचतो, पोलिसांचे कागद होतात, सुट्टी मिळते. 'अजून तसं मनात येतं का?' हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर डोक्यात भरेल अशी भीती. ती खोटी आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट माणूस बोलता होतो.

मागच्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका इंटर्नने हे विचारलं. पोरगा विशीतला, रुग्णालयातून सुटून ड्रेसिंगला आलेला. म्हणाला, 'रात्री येतं, ताई.' एवढंच. मग तिनं विचारलं, फवारणीचा डबा घरी कुठं असतो? त्याच्याच खाटेखाली. बापाला बोलावून तो त्याच दिवशी चुलत्याच्या वाड्यात कुलपात ठेवायला लावला, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीची वेळ घेऊन दिली. पोरगा अजून येतो. ती काही जगावेगळी हुशार नव्हती. तिच्या कॉलेजात एका मॅडमनी प्रत्येकाला पेशंटसमोर बसवून हे प्रश्न विचारायला लावले होते, बस्स.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात पोस्टिंग वाढली, आता इंटर्नशिपमध्येही दोन आठवडे सक्तीचे झालेत. चांगलंच झालं. पण परीक्षेत स्वतंत्र पास व्हायची अट नाही, तोवर ते आठवडे सह्यांपुरतेच राहायची भीती आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर सांगतो की सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण सरकारनेच द्यायचं. जे कॉलेजात शिकवायचं ते नोकरीत येऊन तीन दिवसांच्या वर्गात कसं शिकवणार, हे ज्याचं त्याला माहीत.

आता जिल्ह्याजिल्ह्यात मेडिकल कॉलेजं निघतायत, त्यांचे बॅनर लागतायत. बॅनरवरच्या साहेबांना भेटाल तेव्हा एवढं विचारा, मानसोपचार विभागात शिकवायला पूर्णवेळ माणसं किती भरलीत?

आणि कुणाच्या घरी गरज असेल तर टेलि-मानसचा नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.