झील धरणारे

पोवाड्याच्या फडात शाहीर पुढे उभा असतो आणि सगळ्यांची नजर त्याच्या हातातल्या डफावर असते. त्याच्या मागे दोघं-तिघं असतात. एकाच्या हाती तुणतुणं: लाकडी नळकांडं, बुडाला कातडं, त्यातून निघून बांबूच्या दांडीवरल्या खुंटीला गुंडाळलेली एकच तार. शाहिरानं कडव्याची शेवटची ओळ टाकली की हे मागचे ती उचलून धरतात, वर चढवतात, लांबवतात, आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. झीलकरी नसतील तर पहाडी आवाजाचा गडीसुद्धा चौथ्या कडव्याला धापा टाकील. मला लहानपणापासून या मागच्या माणसांचं फार वाटतं. ज्यांच्या संगतीत मी गाणं ऐकायला शिकले, ती सगळी माणसं याच रांगेतली होती. त्यांचा फड केव्हाच मोडला होता, शाहीर जग सोडून गेले होते. यांनी झील मात्र सोडली नव्हती.

तो फड म्हणजे लाल बावटा कलापथक. १९४४च्या सुमारास मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी तो उभा केला. मुंबईत जन्मला तरी त्याची बोली आणि ठसका आपल्या मुलखाचा. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, म्हणजे कोल्हापूरच्या अगदी शेजारचे. दीड दिवस शाळा, वडिलांबरोबर पायी मुंबई, आणि अक्षरओळख दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. गावाकडे नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशाच्या फडात ते वावरलेले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, संपात तुरुंग, असं करत ते कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत आले, आणि ‘अमर शेख’ हे नाव त्यांना मिळालं ते इथंच. ही शेवटची गोष्ट आमच्या गावात कुणी सांगायला लागलं की सांगणाऱ्याची मान आपोआप ताठ होते. माझीही होते.

माझ्या मामांचं बिंदू चौकाजवळ बुक बाइंडिंगचं दुकान होतं. खळीचा वास, दाबयंत्राखाली रचलेल्या वह्या, सुतळीची बंडलं, आणि संध्याकाळी सहानंतर माणसं. शाहू मिलमधून सुटलेले एक काका, वारणेच्या काठचे एक शेतकरी, प्राथमिक शाळेतले एक गुरुजी. निपाणीहून तंबाखूच्या वखारीत काम करणारे एक गृहस्थ एसटीनं यायचे, त्यांना सगळे ‘पाव्हणं’ म्हणत. दुकानात ना ग्रामोफोन होता ना टेप. होती ती एक वही. साखर कारखान्याच्या जुन्या डायरीला मामांनी कापडी पुठ्ठा चढवला होता आणि तिच्यात गाणी उतरवलेली होती. कुणी निळ्या शाईनं, कुणी पेन्सिलीनं, एका ठिकाणी तर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचं अक्षर, पाणी लागून पसरलेलं. समासात भांडणं लिहिलेली. एकानं एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला, तिसऱ्यानं त्याच्यावर फुली मारून पहिला परत आणलेला. गाणं एकदाच मैदानात ऐकलेलं, तेही हजारोंच्या गर्दीत, त्यामुळे प्रत्येकाच्या कानात वेगळा शब्द राहिलेला. त्या भांडणांइतकं प्रेमानं केलेलं पाठचिकित्सेचं काम मी पुढे विद्यापीठात फारसं पाहिलं नाही.

गुरुजींचा जीव अण्णा भाऊंच्या लिखाणावर. तमाशाच्या गणात गणपतीला वंदन करायची जुनी रीत. अण्णा भाऊंनी तिथं मायभूमी, शिवराय आणि कष्टकरी आणून बसवले. गवळण काढून टाकली, सवाल-जवाबात गिरणीमालक आणि सावकार आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तर तेच बळ ‘लोकनाट्य’ म्हणून पुन्हा उभं राहिलं. गुरुजी हे सांगताना फळ्यासमोर उभे असल्यासारखे हात करायचे. १९४३चा स्टालिनग्राडचा पोवाडा ही त्यांची खास आवडीची गोष्ट. व्होल्गेच्या काठची लढाई वाटेगावच्या माणसानं डफावर घेतली आणि परळच्या चाळीतल्या कामगाराला ती आपल्या गल्लीतली वाटली, हे त्यांना अपार वाटे. ‘जग केवढं आणि आपलं तुणतुणं केवढं, पण बसलं की नाही त्यात?’ असं ते विचारत. उत्तर ते स्वतःच देत नसत. उत्तर द्यायचं काम मिलवाल्या काकांचं. ते नुसते ‘बसलं की!’ म्हणायचे आणि वहीचं पान उलटायचे.

वारणेकाठचे आजोबा वेगळेच. त्यांना मोठं राजकारण नको असे. त्यांना त्यांची नदी हवी असे. ‘वारणेचा वाघ’, ‘वारणेच्या खोऱ्यात’, ‘फकिरा’ ही पुस्तकं त्यांनी वाचून घेतली होती, म्हणजे नातवाकडून मोठ्यानं वाचवून. १९५९ साली आलेल्या ‘फकिरा’ला १९६१चा राज्य पुरस्कार मिळाला. ती कादंबरी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या माणसानं लिहिली. आजोबांना पुरस्काराचं विशेष नव्हतं. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या मांग समाजाला रोज हजेरी द्यावी लागे, ती हजेरी पुस्तकात जशीच्या तशी आली याचं त्यांना मोल होतं. ते एकदा म्हणाले, ‘गावाची बढाई कुणीबी सांगंल. ह्यानं गावाचं दुखणं सांगितलं, आन तरीबी गाव सोडलं न्हाई.’ त्या गावात त्यांची स्वतःची बाजू वरची होती. दुखणं दिलेल्यांच्या घरात ते जन्मले होते. तरी ते दर आठवड्याला येऊन बसायचे आणि त्या गाण्यांना झील धरायचे. हे मला मोठं वाटतं, आजही.

गेल्या काही वर्षांत हे सगळं मला पुन्हा नव्यानं दिसलं ते भाचीमुळे. ती शिकायला अटलांटाला आहे. सुट्टीला आली की कानात सतत एक अमेरिकन बँड. जॉर्जियातल्या अथेन्समध्ये १९९६ साली जमलेला, ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ नावाचा. त्यातले मुख्य गाणी लिहिणारे दोघे, पॅटरसन हूड आणि माइक कूली, अलाबामाचे. हूडचे वडील मसल शोल्सच्या नामांकित स्टुडिओतले बेस वादक. गिटारी, जाड ठेका, आणि शब्दांचा मारा एखाद्या कथाकारासारखा: बंद पडलेले कारखाने, कर्जात बुडालेली शेतं, दारू, चर्च, वंशद्वेषाचं राजकारण करणारा गव्हर्नर. २००१ साली त्यांनी ‘सदर्न रॉक ऑपेरा’ नावाचा दुहेरी अल्बम काढला, तो या दक्षिणेत वाढण्याबद्दल. भाची आणि तिच्या वर्गातली दोन मुलं त्या गाण्यांवर रात्र रात्र बोलतात. कुठल्या गाण्यातला माणूस खरा होता, कुठल्या गावचा होता, कुठल्या मैफलीत कुठलं कडवं गाळलं. ती मला हे सगळं डोळे मोठे करून सांगत होती आणि मला मामांच्या दुकानातली खळ आठवत होती.

मी तिला वही दाखवली. तिनं पानं चाळली, समासातल्या फुल्या पाहिल्या आणि म्हणाली, ‘मावशी, हे तर आम्हीच.’ मग आम्ही दोघी पहाटेपर्यंत बसलो. ती तिच्या बँडमधलं एक गाणं लावून त्यातली गोष्ट सांगायची, मी वहीतलं एक म्हणून दाखवायचे. अलाबामाची माणसं आणि वाटेगावचा माणूस एकाच गोष्टीशी झुंजतात असं आम्हाला वाटलं. ज्या मातीनं घडवलं तिच्यावर जीव आहे, आणि त्या मातीत काय काय पुरलंय तेही ठाऊक आहे. दोन्ही एकाच गळ्यातून काढायचं, एक लपवून दुसरं नाही. अशा गायकांचे चाहते नुसते टाळ्या वाजवून घरी जात नाहीत. त्यांना एकमेकांची गरज पडते, कारण त्यांना त्या गाण्यात आपलंच गाव सापडलेलं असतं आणि ते एकट्यानं पचत नाही. तिच्या बँडच्या दोघा लेखकांची वाटणी ऐकून मला होनाजी-बाळा आठवले. होनाजी रचायचा, बाळा करंजकर गायचा. पेशवाईतसुद्धा यांची बाजू घेणारे आणि सगनभाऊची बाजू घेणारे असे तट होते. नाद माणसाला फार जुना.

कलापथकाच्या चाहत्यांना १९६९ साल मात्र सोसलं नाही. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले. वयाची एकोणपन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्यानंतर सहा आठवड्यांत, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख गेले. मिलवाले काका त्या पावसाळ्याबद्दल कधी बोलत नसत. मामा एकदाच बोलले. ते म्हणाले, दुसरी बातमी आली त्या संध्याकाळी दुकानात सगळे जमले, कुणाला काही सुचेना, तेव्हा गुरुजींनी वही काढली आणि कुणी मेलेल्या माणसाची गोष्ट न काढता पहिल्या पानापासून गायला सुरुवात केली. पुढचा कुणी नव्हताच. सगळेच झीलकरी. एक ओळ टाकणार, बाकीचे उचलणार, मग दुसरा टाकणार. तो परिपाठ पुढे माझ्या लहानपणापर्यंत चालला. ज्याला जे कडवं पाठ त्यानं पुढं व्हायचं. मला स्वतःला पुढं व्हायला मिळालं ते वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. मिलवाल्या काकांनी डफ माझ्या हातात दिला होता. तो आधी वर्तमानपत्राच्या जाळावर शेकून घेतलेला, कातडं अजून गरम.

आता त्यातलं फार कुणी उरलं नाही. पण १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, गावात कार्यक्रम होतात. श्रमिक प्रतिष्ठाननं त्यांच्या नावानं साहित्य संमेलनं भरवली, त्यांच्यामागे कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांची जिद्द होती. नवी पोरं येतात, कुणाकडे गिटार असते, कुणी हलगी आणतो, आणि कोल्हापूरची हलगी कडाडली की गिटार तिच्यापुढे थोडी नमतं घेते. मला हे फार आवडतं. जुन्या लोकांतल्या काहींना गिटार खपत नाही. मी त्यांना वहीचा समास दाखवते.

अशाच एका कार्यक्रमात निपाणीचे पाव्हणं आले होते. आता नव्वदीला टेकलेले, काठी टेकत, नातवाच्या खांद्यावर हात. कोल्हापूरहून निपाणी ती किती, कागल मागं टाकलं, कोगनोळीपाशी हद्द ओलांडली की आलीच. पण १ नोव्हेंबर १९५६ला ती म्हैसूर राज्यात गेली आणि परत आली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली. मुंबईला पोटासाठी गेलेल्या माणसाची बायको गावी राहिली, असं सांगत सांगत ते गाणं वळतं आणि मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होतो. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं त्यात येतात. कोल्हापुरात ते कुणालाही पाठ असतं. निपाणीच्या माणसाला ते पाठ असणं वेगळं.

निवेदक मुलगी चांगली होती, अभ्यास करून आली होती. तिनं सांगितलं, आता ऐकूया आठवणीतलं एक गाणं. पाव्हणं खुर्चीवरून उठले. माईक कुणी दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. म्हणाले, ‘बाई, आठवणीतलं नव्हं. दोन हजार चार सालापास्नं खटला सुप्रीम कोर्टात हाय, निकाल न्हाई. माझं घर अजून तिकडंच हाय.’ सभागृहात टाळी नाही, काही नाही. गिटारवाला पोरगा तेवढ्यात वाजवायला लागला होता, तो थांबला. पाव्हण्यांनी त्याला हातानं खूण केली, थांबू नको, आणि स्वतः पहिली ओळ टाकली. आवाज फाटलेला, पण शब्द एकेक लख्ख. आम्ही मागून उचलली. गावांची नावं आली तिथं ते थांबले, आमच्याकडे वळून पाहिलं आणि निपाणीवर लय मुद्दाम संथ केली. पोरानं गिटारची लय त्यांच्यामागे आणली. गाणं संपल्यावर ते खाली बसले नाहीत. ‘दोन जागी शब्द चुकला तुमचा,’ ते म्हणाले, ‘पहिल्यापास्नं घ्या.’