पायातलं कडं

लेस्टर, रविवार. शर्यतीचं एक कबूतर कालपासून मागच्या अंगणात बसलंय. छाती धपापतेय. आधी पाणी ठेवलं. चोच बुडवून, मान वर न करता घटाघटा प्यायलं. कबुतरं पितात तसंच. मग कच्चे तांदूळ, मसूर. पायात कडं: ब्रिटनचं 'जीबी', वर्ष, क्रमांक. पिल्लू आठवड्याचं असताना चढवतात, पाऊल वाढलं की निघत नाही. त्यावरून मालक सापडला. फोनवर म्हणाला, "वाट चुकलेलं पाखरू मला नको." काळजात चर्र झालं. 2020 साली बेल्जियमची शर्यतीची कबुतरी 'न्यू किम' 16 लाख युरोंना विकली गेली आणि याला न्यायलाही कोणी नाही! सगळे मालक असे नसतात; रात्री उशिरापर्यंत खुराड्यापाशी आभाळाकडे डोळे लावून बसणारेही आहेत. संध्याकाळी मसूर संपवून ते कुंपणावर चढलं. अजून तिथेच आहे. मी परत वाटी भरून ठेवलीय.