ढिगाच्या तळाचा टिन

8 इंची टिन कायम ढिगाच्या तळाशी असतो. त्याच्या पोटात 7 इंची, त्यात 6 इंची, वर चौकोनी आणि त्यावर ब्रेडचा लांबट. एक किलोच्या केकला 8 इंचीच लागतो आणि माझ्या ऑर्डरी बहुतेक एक किलोच्याच. इतकी वर्षं वरचा डोलारा डाव्या हाताने तोलून उजव्याने खालचा टिन ओढणं मी न बघता करत आले. यंदा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात बसला आणि ते बंद पडलं. वजनाचं एवढं नाही, चिमूट नडते. टिनची कड चिमटीत धरवत नाही.

तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही. कोणी केकची कृती विचारायला आलं, तरी मी आधी टिन कुठे ठेवता ते विचारते. शिकायला येणाऱ्या भाचीने मागे ढीग उपसायचा कंटाळा केला आणि हाताला लागलेल्या 7 इंचीत 8 इंचीचं मिश्रण ओतलं. थर जवळपास तीस टक्क्यांनी उंच झाला. कडा तांबूस, मधे कच्चं. तिला मी रागावले नाही. टिन हाताशी नसला की माणूस हाताशी आहे त्यातच ओततो. ओव्हनचं तापमान, अंड्यांचं वजन यांवर तासन् तास बोलणारे लोक टिनच्या जागेवर एक वाक्य बोलत नाहीत, याची मला खरोखर चीड येते.

एकात एक घालून जागा वाचते, हे कबूल. पण गरम टिनात गार टिन घातला की बाहेरचा निवताना आकसतो आणि आतल्याला आवळून धरतो. मग आतल्यात बर्फाचं पाणी, बाहेरचा गरम पाण्यात, तेव्हा कुठे दोघे सुटतात. नॉनस्टिकवर वरच्या टिनच्या कडेचे ओरखडे उठतात. पत्र्याच्या टिनला दुमडलेली कड असते. तिच्या घडीत पाणी राहतं आणि ठाण्याच्या जुलैत बघता बघता गंज धरतो. म्हणून ते मी ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या धगीत वाळवते. अ‍ॅल्युमिनियमला गंजाचं भय नाही, सोड्याच्या पाण्याने मात्र ते काळवंडतं.

ट्रे आणि जाळ्यांचं सुटलं ते ताटाळ्यामुळे. आईचं स्टीलचं ताटाळं माळ्यावर पडून होतं. ट्रे त्यात उभे केले आणि एका हाताने, तळव्याच्या जोरावर, हवा तो बाहेर येऊ लागला. आईकडे स्वतःचा एकही ट्रे नव्हता. दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन ती बेकरीत जायची. ट्रे भट्टीवाल्याचे, आपण नानकटाईचा डबा भरून आणायचा. ते ट्रे जाड काळ्या पत्र्याचे होते. आता दुकानात मिळणारे पातळ ट्रे 200 अंशांवर ठाण् आवाज करून पीळ खातात आणि मग ताटाळ्यातही धड उभे राहत नाहीत.

गोल टिन ताटाळ्यात मावत नाहीत. ओट्याखालच्या खोल ट्रॉलीत सुताराकडून उभ्या फळ्या मारून घेतल्या आणि तेही कडेवर उभे केले. मॉड्युलर किचनवाले ही ट्रॉली बाहेरून आरशासारखी गुळगुळीत देतात आणि आत ढीग करायला मोकळी सोडतात. आता पाहुणे आले की मी चहा टाकताना ती मुद्दाम उघडते. माझे टिन लोकांनी बघावेत, ‘अगं बाई, केवढे!’ म्हणावं, असं मला वाटतं आणि कोणी म्हटलं की दिवसभर बरं वाटतं.

हटून बसलाय तो बंटचा साचा. मधे नळकांडं, सगळ्या अंगाला खाचा. उभा केला तर लोळतो, पालथा घातला तर दोन टिनांची जागा खातो. सुतार म्हणतो, खुंटीला टांगा. आमच्या घरी रोज दोन वेळा फोडणी होते. टांगलेल्या साच्याच्या खाचाखाचांत तेलकट धूळ बसते आणि ती राहिली तर केक सुटत नाही. भिंतभर साचे टांगलेली स्वयंपाकघरं मला म्हणूनच पटत नाहीत. साचा सध्या तांदळाच्या डब्यावर आहे. सिंकशेजारच्या कोपऱ्यातली जागा त्याला द्यावी असं माझं म्हणणं, पण तिथे पुरणयंत्र आहे आणि सासूबाई ते हलवू देत नाहीत. सुताराला माप देऊन ठेवलंय : व्यास 10 इंच, उंची साडेतीन.