ऑस्टिनचा रब्बी

आय-३५ महामार्गाने ऑस्टिन शहराचे दोन भाग केलेत. ढोबळमानाने पश्चिमेला चुनखडीचे डोंगर, पूर्वेला काळी जमीन. आम्ही पूर्वेला घर घेतलं ते माझ्या हट्टामुळे. मी निफाडची, काळ्या रानाशिवाय मला करमत नाही. इकडच्या पट्ट्यातल्या एका मातीला शास्त्रज्ञ 'ह्यूस्टन ब्लॅक' म्हणतात. आपली दख्खनची काळी माती आणि ती एकाच वर्गातली, व्हर्टिसॉल. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पाऊस पडला की फुगून चिकट चिखल.

बागकामाची अमेरिकेतली बरीच पुस्तकं सप्टेंबरात बाग आवरायला सांगतात. ती थंड मुलखातल्या लोकांसाठी ठीक. इथे पाणी गोठवणारी पहिली थंडी साधारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात येते, म्हणून मी सप्टेंबर हाच वर्षारंभ धरते.

पहिलं काम टोमॅटोचं. उन्हाळ्यात इथे रात्रीही गारवा नसतो, त्यामुळे फूल येतं आणि गळतं. ऑगस्टात फांद्या छाटून, बुडाला कंपोस्ट घालून ठेवलं की रात्रीचं तापमान उतरताच झाड पुन्हा फळ धरतं. भेंडी मात्र उपटायची नाही, ती चालूच असते.

मग पावसाची वाट. फोनवर गावाकडच्या आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वाफसा आला का गं?" ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर अशी ढेकळं होतात की ती फुटता फुटत नाहीत. मूठभर माती दाबून ती भुगा होईपर्यंत मी वाफ्याला हात लावत नाही. या बाबतीत आप्पांचं ज्ञान इथे जसंच्या तसं चालतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मेथी सप्टेंबरच्या मध्यावर, दुपारच्या उन्हाला आडोसा करून. धणे रगडून महिन्याच्या शेवटी, कारण उकाड्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते. पालकाला आणखी थांबावं लागतं. तापलेल्या मातीत त्याचं बी उगवतच नाही.

आणि कांदा! टेक्सासच्या प्रसिद्ध गोड कांद्याचं नावच '१०१५', म्हणजे १५ ऑक्टोबर, त्याच्या पेरणीची तारीख. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या लिओनार्ड पाइक यांनी तो विकसित केला. आमच्या नाशिकच्या कांद्यासारखाच तोही लहान दिवसांत पोसणारा, आणि नाशकातही रब्बीचं उळं याच सुमारास टाकतात. घाई केली तर रोप थंडीआधीच जाड होतं आणि पुढे डेंगळे येतात. गादीवाफा करून मी त्याच तारखेच्या आसपास बी टाकते.

शेवटी कुंपणाकडेला ब्लूबॉनेट, १९०१ पासूनचं राज्यफूल. बी टणक, सँडपेपरवर जरा घासून पेरायचं. हे झाड शेंगवर्गातलं, खत मागत नाही. फुलतं मार्चमध्ये, कांदा पोसायला लागतो तेव्हाच.