बाकी

जूनमधली गोष्ट. साताऱ्याहून पुण्याला येताना एस. टी. त मी पाचशेची नोट पुढे केली आणि कंडक्टर म्हणाला, "सर, सुटे नाहीत का?" हल्ली कोणीही कोणालाही 'सर' म्हणते, पण या 'सर'मध्ये ओळख होती. मान वर करून पाहतो तो माझाच विद्यार्थी! मराठी घेऊन एम. ए., पहिला वर्ग. तुकारामांवर त्याने लिहिलेला निबंध मी अजून वर्गात वाचून दाखवतो.

तिकिटामागे बाकी लिहून तो पुढे गेला. खंबाटकीचा बोगदा मागे पडला तेव्हा येऊन शेजारी टेकला.

"एवढा शिकून तू..." मी म्हणालो आणि जीभ चावली.

"दोन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, सर. तास झाला तर पैसे. सुट्टी लागली की खिसा मोकळा. इथं दहावी आणि बिल्ला पुरतो, पण पगार महिन्याच्या महिन्याला येतो." मग हसून म्हणाला, "दहावीवाल्याला जेवढा, तेवढाच."

आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एकदा चहा घेताना सांगितलेले आठवले. १९८१ साली डंकन आणि हॉफमन या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले की, कामाला लागते त्याहून जास्त शिकलेल्या माणसाला त्याच कामावरच्या सोबत्यांपेक्षा सरासरीने थोडे अधिक मिळते. मात्र तेवढेच शिकून शिक्षणाजोगे काम मिळालेल्यांपेक्षा कमी. थोडे का होईना, अधिक! आमची वेतनश्रेणी तुकाराम वाचलेत का म्हणून विचारत नाही. २०१९ च्या सुरुवातीला मंत्रालयाच्या उपाहारगृहातील वाढप्यांच्या १३ जागांची बातमी आली होती. पात्रता चौथी पास, अर्ज सुमारे सात हजार, आणि निवडलेल्या तेरांपैकी बारा पदवीधर! तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पोटभर हसलो होतो.

"कंटाळा येतो का रे?"

"कामाचा नाही, सर. माणसं चांगली असतात. पण तिकिटाशिवाय दिवसभरात कोणी काही विचारत नाही." थोडे थांबून म्हणाला, "डेपोतल्या फलकावर 'आरक्षीत' लिहिलं होतं. तीनदा सांगितलं. शेवटी एका रात्री मीच रंग आणून वेलांटी ऱ्हस्व केली."

मी हसलो खरा, पण खिडकीबाहेर पाहू लागलो. बी. ए. झाल्यावर त्याचा मामा त्याला चाकणच्या कारखान्यात चिकटवून देणार होता. मीच त्याच्या घरी जाऊन, वडिलांशी दोन तास बोलून, त्याला एम. ए. ला बसवले. मुलगा हुशार होता, हे खरेच. पण त्या वर्षी आमच्या वर्गात मोजकीच मुले होती. मुले घटली की तास घटतात, तास घटले की पदावर गदा येते. तो हिशेबही त्या दोन तासांत माझ्या मनात होता. हे मी त्याला कधी सांगितले नाही. घरी हिलाही नाही.

स्वारगेट आले. पिशवी खाली देता देता तो म्हणाला, "सर, धाकटी बहीण यंदा बी. ए. झाली. मराठीतच एम. ए. करू का म्हणते. तुम्हांलाच विचारणार होतो."

"फोन कर, बोलू," असे म्हणून मी गर्दीत शिरलो.

बाकी घ्यायची राहिली, हे घरी आल्यावर कळले. तिकिटाच्या पाठीवर त्याच्या त्या वळणदार अक्षरातला आकडा होता. त्या आठवड्यात त्याचा फोन दोनदा वाजून गेला. उरलेल्या पैशांसाठी करत असेल, असे मी हिला सांगितले.